सुलभाची शेड, भाऊजींचा पेंढा

ये गं सुलभे, अशी जवळ ये. लांबून नको बघूस. इथे चटई टाकलीय, तिच्यावर बस. तुझ्याशी भांडायचंय मला, आणि मोठ्याने भांडायची ताकद राहिली नाही, म्हणून जवळ ये म्हणते.

कुणी असं जातं का? पोरांच्या परीक्षा संपायला चार दिवस उरले होते. तू पावसाळा काढलास, थंडी काढलीस. सुजलेले पाय उशीवर ठेवून रोज विचारायचीस, “ताई, परीक्षा कधी गं पोरांच्या?” आणि परीक्षा संपत आल्या तशी निघालीस. नेमका तोच मुहूर्त सापडला तुला. मी पेज घेऊन आले तर तू भिंतीकडे तोंड करून निजलेली. म्हटलं झोपलीय तर झोपू दे, आणि वाटी झाकून परत गेले. किती वेळ मी तुला झोपलेलीच समजत होते, ते तुलाच माहीत.

तेरावा झाला. तुझा भाऊ रत्नागिरीहून आला होता, तो तुझी ट्रंक घेऊन गेला. चांगला माणूस आहे, जाताना माझ्या पाया पडला. मी त्याला म्हटलं, ट्रंक ने बाबा, पण शेडचं काय करू ते सांगून जा. तो बिचारा म्हणाला, “कुठली शेड, ताई?” बारा उन्हाळे तू त्या शेडमध्ये घाम गाळलास आणि घरी सांगितलंसुद्धा नाहीस. काय म्हणायचं तुला?

आणि मग भाऊजी आले. आमच्या नामदेवभाऊजींना तू ओळखतेस, वाईट नाहीत, पण एकदा मनात आलं की ओटीवरून उठत नाहीत. चहा घेतला, बशी पुसली, म्हणाले, “वहिनी, बाई गेल्या. वाईट झालं.”

“हो,” मी म्हटलं.

“आता तो पोरांचा बाजार काय भरणार नाही ना?”

मी त्यांची बशी उचलली.

“नाही म्हणजे, पेंढा उघड्यावर आहे. पावसाआधी आत घालायला पाहिजे. शेड आहेच रिकामी. शाळेचा निकाल लागेस्तोवर थांबतो, मग गाडी आणतो. चालेल?”

“बघू,” मी म्हटलं. तू हसली असतीस. तू म्हणायचीस ना, ताईचं ‘बघू’ म्हणजे नाही म्हणायला लाज वाटते आणि हो म्हणायला भीती.

त्याच संध्याकाळी कुंपणापलीकडून ती बेबी ओरडली. मिठागरावरच्या मुकादमाची धाकटी, तुझी लाडकी. “काकी, औंदा विज्ञानघर हाय का न्हाय?” तिलाही मी ‘बघू’च म्हटलं. मग आत येऊन नुसती बसले. दमलेय गं मी. चार महिने तुझं केलं त्याने नाही दमले, ते हाताला सवयीचं काम होतं. तू गेल्यावर हात मोकळे झाले, आणि मग कळलं की किती दमलेय.

तू आलीस तेव्हा हे असं नव्हतं. पेणकरपाड्यात तेव्हा बाहेरचं माणूस आलं की कुत्रीसुद्धा ओटीवर येऊन बघायची. मुंबईतल्या एका शाळेत तू प्रयोगशाळा सांभाळतेस, एकटी आहेस आणि खोली हवीय, एवढंच सांगितलंस. सासूबाईंनी तुला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “लगीन?” त्यांनी विचारलं. “नाही,” तू म्हणालीस. “का न्हाय?” “राहून गेलं.” सासूबाईंना ते उत्तर आवडलं बहुतेक, कारण त्या म्हणाल्या, “मागची खोली दे तिला. खोटा बोलत न्हाय ती.”

पहिल्याच मे महिन्यात तू सुट्टीत घरी गेली नाहीस. इथली पोरं उन्हात खाडीच्या बांधावर उंडारतात, ते तुला बघवेना. मला म्हणालीस, “ताई, ती शेड देतेस का? दोन महिने. फक्त सुट्टीत.” सासऱ्यांच्या वेळी तिथे मिठागराचं सामान असायचं, फावडी, टोपल्या, फळ्या. मिठागर दुसऱ्याच्या हाती गेलं तशी ती रिकामीच होती. भाऊजींना विचारलं, ते म्हणाले घेऊ दे. त्यांना वाटलं एक उन्हाळा. मलाही तसंच वाटलं.

पत्र्याच्या तुकड्यावर तू चुन्याने ‘बालविज्ञान केंद्र’ असं लिहिलंस. पोरांना ते म्हणता येईना, त्यांनी विज्ञानघर केलं. काय होतं गं त्यात? फुटक्या आरशाचे तुकडे, डालड्याचे डबे, मेणबत्त्या, दोरे, एक लोहचुंबक, आणि तुझ्या शाळेने टाकून दिलेल्या चिरा गेलेल्या काचेच्या नळ्या. भाईंदरच्या बाजारात आपण दोघी आरशाचे तुकडे मागायला गेलो होतो ते आठवतं? तो गुजराती दुकानदार हात जोडून म्हणाला, “बेन, टूटा हुआ आरसा घर में नहीं रखने का. अपशकुन.” तू म्हणालीस, “घरात नाही भाई, शेडमध्ये ठेवणार.” त्याने जरा विचार केला आणि अख्खं खोकं दिलं.

त्या तुकड्यांची पोरांनी पेरिस्कोपं केली. पुठ्ठ्याच्या नळ्यांतून सगळा पाडा वाकून वाकून बघायला लागला. सासूबाईंच्या खिडकीखाली एक पोरगा ती नळी घेऊन बसायचा आणि सांगायचा, “आजी गूळ खातेय.” सासूबाई आतून ओरडायच्या, “ही बाय पोरांना चोरी शिकवतं!” जास्वंदाच्या फुलाचा रंग कागदाला लावून तू लिंबाने लाल केलास आणि चुन्याच्या निवळीने हिरवा, तेव्हा मात्र त्याच सासूबाई काठी टेकत शेडच्या दारात आल्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने जास्वंदीची फुलं तोडून पाठवली, देवाला एकच ठेवून.

आणि मी? मी पाणी भरायचे. तेवढंच. दोन माठ सकाळी, दोन दुपारी. अकराच्या सुमाराला पोरांना कैरीचं पन्हं नाहीतर ताक. कुणाला ऊन लागलं तर कांदा हुंगवायचा. दाराशी बसून ऐकायचं. तुला वाटायचं मी पोरांवर लक्ष ठेवायला बसते. नाही गं. मी ऐकायला बसायचे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. वाण्याच्या पुड्यांच्या वर्तमानपत्रावर बोट ठेवून ठेवून अक्षरं शिकले, तेही दोन मुलं झाल्यावर. एकदा तू मला पाचवीचं शास्त्राचं पुस्तक आणून दिलंस. मी तोंडाने म्हटलं, “मला काय करायचंय हे?” आणि आठ दिवसांत वाचून काढलं. परत दिलं तेव्हा तू विचारलंस, “कसं वाटलं?” मी म्हटलं, “चित्रं बरी आहेत.” अशी मी. तुला खरं कधी एकदाही सांगितलं नाही.

आज सांगते. सांगायलाच हवं, नाहीतर हे भांडण असंच राहील.

तो सावलीचा दिवस आठव. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते, असं तू पोरांना आठवडाभर सांगत होतीस. त्या दिवशी शेडपुढच्या मोकळ्या जागेत सरळसोट बांबू रोवलास, ओळंब्याने तपासलास. तीस-एक पोरं उन्हात गोल करून उभी. हातातल्या घड्याळाकडे बघत तू मोजत होतीस. बारा वाजले. सावली होती. चांगली वीतभर, मावळतीकडे पडलेली. पोरं म्हणाली, “बाई, हाय की सावली!” तू थांबलीस. सव्वाबारा झाले, सावली जरा आखूड झाली पण होतीच. पोरांचे पाय भाजायला लागले. तुझा चेहरा उतरला. म्हणालीस, “बहुतेक माझा दिवस चुकला. उद्या बघू. जा घरी, ऊन लागेल.” पोरं गेली. कुणीतरी हसलंसुद्धा. तू शेडमध्ये जाऊन पुस्तकातली आकडेमोड परत करायला बसलीस.

मी माठ उचलायला बाहेर आले होते. मला ठाऊक होतं गं. लहानपणापासून ठाऊक होतं. मिठागरावर कुणाच्या हाताला घड्याळ होतं? सावली पायाखाली आली की भाकरी सोडायची, हेच आमचं घड्याळ. आणि शहरातली गाडी साडेबाराची शिट्टी देऊन जाते तेव्हा आमची सावली अजून बोटभर बाहेर असते, मग थोड्या वेळाने पायाखाली जाते, हे मी हजार वेळा पाहिलेलं. तुझे बारा म्हणजे आमचे बारा नव्हेत, हे तुला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तीस पोरांपुढे बाईंना कसं सांगायचं? म्हणून गप्प बसले. आणि ती सगळी गेल्यावर, गाडी गेल्यानंतर थोड्याच वेळात, मी एकटी त्या बांबूपाशी उभी राहिले. सावली नव्हती. बांबू जमिनीतून उगवल्यासारखा, भोवती काही नाही. मग तुला हाक मारली.

तू धावत बाहेर आलीस, चष्मा कपाळावर, आणि बघतच राहिलीस. मग कपाळावर हात मारून घेतलास. “ताई! घड्याळ सगळ्या देशाचं एक. सूर्य मात्र ज्याच्या त्याच्या गावचा. मी हे विसरले कशी?” आणि मग माझ्याकडे बघितलंस. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

मी म्हटलं, “माठ रिकामे झालेत,” आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तू सगळ्या पोरांना परत बोलावलंस. सगळ्यांसमोर म्हणालीस, “काल मी चुकले. घड्याळावर विसंबले. बरोबर वेळ कुणाला माहीत होती सांगू? काकींना. काकी, पुढे या. तुम्हीच सांगा यांना.” तीस तोंडं माझ्याकडे वळली. हातातलं पातेलं तसंच धरून म्हटलं, “चुलीवर डाळ आहे माझी,” आणि घरी आले. चूल थंड होती.

त्यावरून तू मला किती वर्षं चिडवलंस! “ताई, डाळ शिजली का?” कुठेही, केव्हाही. माझ्या मुलीच्या लग्नात, पंगतीत वाढतानासुद्धा. मी हसायचे. तू समजत होतीस की मी लाजले, घाबरले. घाबरले होतेच. पण ते सगळं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी एका मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक विज्ञानघर बघायला आले होते. तू त्यांना सगळं दाखवलंस. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “या कोण?” आणि तू म्हणालीस, “या आमच्या ताई, शेड यांचीच. पाण्याबिण्याचं बघतात.” बस, एवढंच. वाईट काही नाही त्यात. पण सुलभे, तोवर मी तुझ्याबरोबर चार उन्हाळे बसले होते. तुझा प्रत्येक धडा मला पाठ होता. तू आजारी पडलीस त्या आठवड्यात तुरटीचे खडे दोऱ्याला बांधून मीच पोरांकडून वाढवून घेतले होते. आणि मी पाण्याबिण्याचं बघते? ते बोलणं माझ्या पोटात राहिलं. म्हणून पुढच्या वर्षी तू मला पुढे बोलावलंस तेव्हा वाटलं, आता भरपाई करतेय. मला भरपाई नको होती.

किती वर्षं जपलं मी ते! आणि आता, तू नाहीस तेव्हा, एक गोष्ट आठवतेय आणि जीव चुटपुटतोय. पहिल्या उन्हाळ्यात तू मला विचारलं होतंस, “ताई, तू काय शिकवशील?” आणि मी म्हटलं होतं, “मी बाई पाण्याबिण्याचं बघेन, मला बाकी काही सांगू नकोस.” शब्द माझेच. तू फक्त ते लक्षात ठेवलेस. मी मात्र तुझे म्हणून धरून बसले. सांग बघू आता, मी कुणावर रागवायचं?

आता शेवटचं. हे सांगायला जीभ वळत नाही, पण सांगते.

डॉक्टर म्हणाले होते हृदय थकलंय. तू हसलीस, “सगळं शरीर सोडून तेच कसं आधी थकलं?” पौषात तू उठायची बंद झालीस. गेल्या मे महिन्यात विज्ञानघर उघडलंच नव्हतं, तुला शेडपर्यंत चालवेना आणि मी उघडलं नाही. पहिल्यांदाच. तू त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाहीस. पण त्या दिवशी, होळीच्या आसपास, मी तुझे पाय चेपत होते तेव्हा म्हणालीस, “ताई, यंदा तू उघड.”

“आधी बरी हो,” मी म्हटलं.

“मी बरी होत नाही. तू उघड. तुला सगळं येतं.”

“मला काही येत नाही. मी फळ्यापुढे उभी राहू? लोक हसतील.”

“मला तरी त्या शाळेत बाई कोण म्हणत होतं? नळ्या धुवायची मी. पंचवीस वर्षं नळ्या धुतल्या. फळा मला इथे मिळाला, तुझ्या शेडमध्ये.”

“तू मॅट्रिक आहेस. मी काय आहे?”

“तू बघतेस, ताई. मी वाचते, तू बघतेस.”

मला रडू यायला लागलं होतं आणि ते मला नको होतं. म्हणून मी ओरडले. काय म्हटलं ते तुला आठवत असेल. म्हटलं, “तुझं दुकान तू आवर. माझ्या गळ्यात बांधून जाऊ नकोस.” आणि तू माझ्याकडे बघितलंस, रागाने नाही, दमलेल्या माणसाने बघावं तसं, आणि म्हणालीस, “बरं.”

त्यानंतर शेडचं नाव काढलं नाहीस. पेज पातळ झालीय, खिडकी लाव, परीक्षा कधी. एवढंच. मी रोज ठरवायचे, आज म्हणेन, बरं बाई, उघडते. आणि रोज तुझं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, पेज करायची, आणि म्हणायचं राहून जायचं. तुला ‘बरं’ म्हणायला एक क्षण लागला. मला महिना पुरला नाही.

निकालाच्या दिवशी भाऊजींनी सांगितल्याप्रमाणे गाडी आणली. पेंढ्याने भरलेली बैलगाडी शेडच्या दाराशी. मी ओटीवर बसून बघत होते. ठरवलं होतं, काही बोलायचं नाही, त्यांची शेड, त्यांचा पेंढा. तेवढ्यात शाळेकडून पोरं आली, हातात निकालाचे कागद. कोण पास, कोण नापास, कोण कुणाला चिडवतंय. आणि सगळी घरी जायच्या ऐवजी शेडपाशी येऊन थांबली. गाडी बघितली. एकानेही काही विचारलं नाही, माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. नुसती उभी राहिली. त्यांच्यात ती बेबीही. ती एकदम म्हणाली, शेजारी उभ्या जनूला, हळूच, पण मला ऐकू आलं, “चल. बाई न्हाय तर काय.”

मी उठले. गुडघा कुरकुरला. जाऊन गाडीपुढे उभी राहिले. “भाऊजी, इथे नका उतरवू.”

“अहो वहिनी, मग काय डोक्यावर घेऊन फिरू?”

“माझ्या मागच्या खोलीत भरा.”

भाऊजी बघतच राहिले. “बाईंच्या खोलीत?”

“बाई गेल्या, भाऊजी,” मी म्हटलं. तोवर माझ्या तोंडून ते निघालं नव्हतं. तुझ्या भावाला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना मी ‘सुलभाचं असं झालं’ म्हणत होते. त्या पोरांसमोर पहिल्यांदा म्हटलं, बाई गेल्या. आणि म्हटलं आणि मेले नाही.

“बरं दिसेल का ते?” भाऊजी पुटपुटले.

“तिला चालेल. शेडमध्ये भरलात तर मात्र माझ्याशी बोलणार नाही ती.”

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि बैल वळवले. पोरांनीच पेंढ्या वाहिल्या, ओळ करून, खिडकीपर्यंत थप्पी लावली. तुझी खाट मी आधी बाहेर काढून घेतली. रागावू नकोस. खोली तशीच ठेवली असती तर मी रोज तिथे जाऊन बसले असते, आणि शेड पेंढ्याची झाली असती. दोन्ही ठेवायला मला जमलं नसतं.

आठवडा झाला शेड उघडून. रोज सकाळी उठते तेव्हा वाटतं, आज नाही. आज बंद ठेवू. पाय सुजतात माझेही आता संध्याकाळी. काल दुपारी तर पोरं आरशाने ऊन भिंतीवर नाचवत होती आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेतली. त्यांनी मला उठवलं नाही. जागी झाले तर सगळी कुजबुजत होती. इतकी शहाणी कधी होती ही?

पहिल्या दिवशी मी फळ्यापुढे उभी राहिले नाही. उगाच मोठेपणा कशाला. त्यांना मिठागरावर घेऊन गेले, बांधावर बसवलं आणि मला येतं ते सांगितलं. पाणी पिकत आलं, म्हणजे मीठ धरायला आलं, की कसं दिसतं, त्याच्यावर साय कशी धरते, वारा कुठून हवा, पायाच्या तळव्याला कसं कळतं. तिथे काम करणाऱ्या बायासुद्धा हात थांबवून ऐकायला लागल्या. एक म्हणाली, “ह्या आमाला पन ठाव हाय की!” मी म्हटलं, “मग ये, तूच सांग.” आणि ती आली गं! पदर खोचून, फावडं तसंच हातात धरून, पोरांना सांगायला लागली. माझ्यापेक्षा छान सांगितलं तिने. तिला डाळ नाही आठवली.

मग जनूने विचारलं, “काकी, पानी उडून जातं उनान. मग मीठ का नाय उडत?”

पन्नास वर्षं बघतेय मी ते, आणि हे कधी मनात आलं नव्हतं. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, “मला माहीत नाही.” म्हटलं, आता हसतील.

बेबी म्हणाली, “बाई पन म्हनायच्या तसा.”

“काय म्हणायच्या?”

“माहीत न्हाय म्हनायच्या. आन मग फळ्यावर लिवायच्या. आन आमी समदी शोधाचो.”

मला हे ठाऊकच नव्हतं, सुलभे. मी तेव्हा माठ भरायला गेलेली असेन. बारा वर्षं मला वाटत होतं तुला सगळं येतं. शेडमध्ये परत आलो आणि मी खडू घेतला. ओळ वर चढत गेली, पण लिहिलं. पाणी उडतं तर मीठ का उडत नाही. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, काजवा हाताला भाजत का नाही. मग कुणी, भरतीचं पाणी जातं कुठे. एकाने विचारलं, माणूस मेल्यावर त्याचा आवाज कुठे जातो. मी तेही लिहिलं.

तुझ्या पुस्तकांतून शोधते आहे जमेल तसं. थोडं सापडतं, बरंचसं सापडत नाही. चष्म्याने डोळे दुखतात. तुला रागवायचं होतं म्हणून बोलावलं आणि बघ, रागवणं बाजूलाच राहिलं. उघडते म्हणायला उशीर केला मी. पण आता उघडलंय, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. दुसरं कोण सांगणार?

मला तिकडे यायची घाई करू नकोस. जूनपर्यंत तरी नाही जमायचं, शाळा सुरू होईस्तोवर पोरं सोडणार नाहीत. तूच ये. अकराच्या सुमाराला ये, पन्ह्याच्या वेळेला. मागच्या बाजूला बस, मी चुकले तर मधे बोल, सगळ्यांदेखत बोललीस तरी चालेल. पण लवकर ये गं. फळा भरत आलाय, आणि पुसायचा कुणी म्हणत नाही.